वस्ताद आमचे, तालीम पुण्याची

१९७७ साली बेळगावात हरिश्चंद्र बिराजदारांनी सतपाल यांच्याशी झालेली कुस्ती मारली. कुस्तीशौकिनांमध्ये त्या लढतीच्या आठवणी अजून निघतात. सतपाल दिल्लीचे, गुरू हनुमानांचे पठ्ठे. बिराजदार लातूर जिल्ह्यातल्या निलंगा तालुक्यातले, रामलिंग मुदगडचे, आणि कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत तयार झालेले. पुढे दोघांनीही लंगोट उतरवला आणि दोघेही वस्ताद झाले. सतपाल यांनी दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये पोरं घडवली. त्यांतल्या सुशील कुमारने २००८ आणि २०१२ अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक पदकं आणली, २०१२ मध्येच योगेश्वर दत्तने कांस्य मिळवलं, आणि रवी दहियाने टोकियोत रौप्य. बिराजदारमामांनी पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत पोरं घडवली. काका पवार, राहुल आवारे ही त्यांतली मोठी नावं. राष्ट्रकुल, आशियाई, जागतिक स्पर्धा अशी पदकं आली. ऑलिंपिक पदक मात्र आलं नाही.

बेळगावात जिंकलेला मल्ल वस्ताद म्हणून हरलेल्या मल्लाच्या मागे राहिला, असा याचा अर्थ कुणी लावत असेल तर तो मला मान्य नाही. मैदानात दोघांच्या पायाखाली एकच माती होती. वस्ताद झाल्यावर ती एक राहिली नाही. सतपाल यांच्यामागे दिल्ली सरकारच्या शिक्षण-क्रीडा खात्यातली नोकरी होती, सरकारी स्टेडियम होतं, मॅट होती, मुलांना राहायला जागा होती. बिराजदारमामांच्या मागे त्यांचं नाव होतं आणि पुण्यातल्या एका जुन्या तालमीची पुण्याई होती. आपल्या भागात पैलवानाचा वस्ताद होतो म्हणजे नेमकं काय होतं, तो कुठे राहतो, कशावर जगतो, कुणाला घडवतो आणि त्याच्यानंतर त्याच्या गावाच्या हाती काय उरतं, हा प्रश्न एकट्या बिराजदारांचा नाही. लातूर-नांदेडच्या पट्ट्यात तो गेली पन्नास वर्षं पडून आहे.

बिराजदारांची कारकीर्द ओळीने पाहिली की हा प्रश्न जास्त स्पष्ट होतो. जन्म १९५०चा. १९६९ साली महाराष्ट्र केसरीचं अधिवेशन लातूरला भरलं आणि त्याच लातूरच्या मातीत, विशीही न गाठलेल्या या जिल्ह्याच्या पोराने गदा उचलली. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक. मग रुस्तुम-ए-हिंद हा किताब. वयाच्या विशीतच एखाद्याने मिळवण्यासारखं सगळं मिळवलं होतं. पण पैलवानाचं कमावतं वय फार थोडं असतं. अठराव्या वर्षी सुरुवात धरली तर तिशीपर्यंत गुडघा, खांदा, मान यांतलं काहीतरी बोलायला लागतं. गाठीशी पैसा म्हणावा तर जत्रेतल्या इनामाचा, आणि तो खुराकातच जातो. दूध, तूप, बदाम, मटण यांचा हिशेब पैलवानाच्या घरी विचारून पाहावा. कित्येक घरांत एकाच्या खुराकासाठी भावाने शेतातलं राबणं अंगावर घेतलेलं असतं.

तिशीनंतर तीन-चार वाटा असतात. पोलिसात किंवा रेल्वेत नोकरी लागली तर नशीब. खाशाबा जाधव हे याचं सर्वांत मोठं उदाहरण. १९५२ साली हेलसिंकीत स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणणारा माणूस पोलिसात फौजदार झाला, सहाय्यक आयुक्त म्हणून निवृत्त झाला, १९८४ मध्ये अपघातात गेला, आणि अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला तो मरणोत्तर. दुसरी वाट शेतीची, तिसरी राजकारणाची. गावोगावच्या सोसायट्या आणि पंचायत समित्यांमध्ये माजी पैलवान भरपूर सापडतील. चौथी वाट वस्तादकीची. ती सर्वांत कमी पैशाची. माझ्या मते चारींत सर्वांत मोलाचीही तीच, कारण पहिल्या तीन वाटांनी गेलेल्या पैलवानाबरोबर त्याची विद्या संपते.

या वाटेला जगात कुठे पक्कं हाड मिळालं असेल तर ते जपानच्या सूमोत. तिथली रचना आपल्या वाचकाने जरा निवांत पाहावी अशी आहे. सूमोचे सगळे व्यावसायिक मल्ल कुठल्या ना कुठल्या घराण्याचे असतात. घराण्याला तिथे ‘हेया’ म्हणतात. हेया म्हणजे तालीम आणि वसतिगृह एकाच छताखाली, आणि त्याचा प्रमुख निवृत्त मल्लच असावा लागतो. बाहेरच्या कुणाला ही जागा मिळत नाही. निवृत्त झालेल्या मल्लाला संघटनेत राहायचं असेल तर त्याच्याकडे वडीलधाऱ्यांच्या १०५ नावांपैकी एक नाव असावं लागतं. ही नावं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहेत आणि नवीन नाव तयार होत नाही. त्यासाठी वरच्या श्रेणीत ठरावीक काळ खेळलेला असणं बंधनकारक, शिवाय जपानचं नागरिकत्व हवं. एकदा नाव मिळालं की वयाच्या ६५ वर्षांपर्यंत संघटनेचा पगार, घराण्यातल्या मल्लांच्या संगोपनासाठी अनुदान, आणि समाजात ‘ओयाकाता’ म्हणून मान. खेळणाऱ्या मल्लांतसुद्धा महिन्याचा पगार फक्त वरच्या दोन श्रेणींना मिळतो. खालच्या चार श्रेणींतली पोरं घराण्यातच राहतात, स्वयंपाक करतात, थोरल्यांची सेवा करतात आणि शिकतात. त्यांच्या पोटाची काळजी ओयाकाता आणि त्याची बायको घेते.

या चौकटीतून काय निघतं त्याचं एक उदाहरण हवाईच्या ताकामियामाचं. १९६४ साली तो जपानला गेला, १९७२च्या जुलैमध्ये सर्वोच्च श्रेणीची स्पर्धा जिंकणारा पहिला परदेशी मल्ल ठरला, जपानी नागरिक झाला, आणि निवृत्तीनंतर १९८६ साली त्याने स्वतःचं घराणं उघडलं. सात वर्षांत त्याच्या घराण्यातला अकेबोनो योकोझुना झाला. हे सूमोतलं सर्वोच्च पद, आणि परदेशात जन्मलेल्या मल्लाला ते पहिल्यांदाच मिळालं. ताकामियामा स्वतः योकोझुना नव्हता, त्याच्या खालच्या ओझेकी पदापर्यंतही तो पोचला नव्हता. आपल्याला जे जमलं नाही ते शिष्याकडून करून घेण्याची ही धमक चांगल्या वस्तादात हमखास दिसते.

दुसरं उदाहरण मला त्याहून मोठं वाटतं. मंगोलियाचा तेरुनोफुजी ओझेकी झाला आणि मग गुडघे गेले, मधुमेहाने गाठलं. घसरत घसरत तो सहा श्रेणींपैकी खालून दुसऱ्या श्रेणीत जाऊन पडला. एवढं मोठं पद पाहिलेला मल्ल अशा वेळी निघून जातो. त्यानेही पुन्हा पुन्हा निवृत्ती मागितली. त्याचा वस्ताद, स्वतः माजी योकोझुना असाहिफुजी, प्रत्येक वेळी नाही म्हणाला. आधी शरीर बरं कर, मग बोलू, हा त्याचा हेका. २०१९च्या मार्चमध्ये तो पोरासोरांच्या श्रेणीत पुन्हा उतरला आणि २०२१ साली योकोझुना झाला. २०२५ मध्ये निवृत्त होऊन तोच आता त्या घराण्याचा प्रमुख आहे. वस्ताद नावाच्या माणसाची गरज कशासाठी असते हे यापेक्षा चांगलं दाखवता येणार नाही. डाव शिकवणारे पुष्कळ मिळतात. मल्ल स्वतःवरचा विश्वास हरवून बसतो तेव्हा त्याच्या वतीने तो विश्वास सांभाळून ठेवणारा माणूस दुर्मीळ असतो.

आपल्याकडे हेच काम बिराजदारमामांनी केलं, कुठल्याही चौकटीशिवाय. राहुल आवारे बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा. वडील बाळासाहेब आवारे स्वतः पैलवान, त्यांनी पोराला घरच्या तालमीतच मातीत उतरवलं आणि पुढे पुण्याला मामांच्या हवाली केलं. पोर हुशार, चपळ, हलक्या वजनाचं. २०११ साली मामा गेले तेव्हा राहुल ऐन भरात यायचा होता. गुरू गेला की पठ्ठा सैरभैर होतो, तालीम बदलतो, कधीकधी कुस्तीच सोडतो. राहुलला काका पवारांनी जवळ केलं. काकाही मामांचेच पठ्ठे, लातूरजवळच्या साई गावचे, ग्रीको-रोमन शैलीतले आंतरराष्ट्रीय मल्ल, १९९८चे अर्जुन पुरस्कार विजेते. थोरल्या गुरुबंधूने धाकट्याला सांभाळलं असं हे झालं. २०१६च्या रिओ ऑलिंपिकची संधी राहुलच्या हातून गेली, त्याच्या वजनात संदीप तोमर गेला. त्या दिवसांत त्याला धरून ठेवणं सोपं नव्हतं. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटाच्या अंतिम लढतीत त्याने कॅनडाच्या स्टीवन ताकाहाशीला १५-७ असं हरवलं आणि ते सुवर्ण त्याने बिराजदारमामांना अर्पण केलं. मामा जाऊन तेव्हा सहा वर्षं उलटून गेली होती. पुढच्या वर्षी नूर-सुलतानला जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य आलं. हा वजनगट ऑलिंपिकमध्ये नाही, हे आपलं दुर्दैव.

राहुल पुढे काका पवारांचा जावई झाला. दिल्लीत सुशील कुमार सतपाल यांचा जावई, आणि जपानमध्ये तर घराण्याच्या प्रमुखाने आपली मुलगी सर्वांत विश्वासू शिष्याला देऊन घराणं त्याच्या हाती सोपवण्याची जुनी रीतच आहे. तीन ठिकाणी एकच गोष्ट घडते याला कारण आहे. तालीम ही कागदावर नोंदवून ठेवण्यासारखी संस्था नसते. ती एका माणसाभोवती उभी असते, आणि तो माणूस गेला की ती टिकवायला नात्याचा आधार लागतो. जपानने नात्याच्या जोडीला नियमही केला आणि नाव, पद, अनुदान पुढच्याकडे जाईल याची सोय केली. आपल्याकडे नुसतं नातं आहे. जिथे तेही नसतं तिथे वस्तादाच्या तेराव्यानंतर तालमीला कुलूप लागतं. कुलूप लागलेल्या अशा तालमी मराठवाड्यातल्या गावागावात आहेत. आत माती दगडासारखी झालेली, मारुतीच्या मूर्तीला शेंदूर मात्र दर शनिवारी ताजा.

वस्ताद करतो काय, हेही जवळून पाहायला हवं. पहाटे पोरांना उठवून जोर, बैठका, सपाट्या घालून घेणं हे बाहेरच्याला दिसतं. त्याच्या आधीचं काम मातीचं. आखाड्याची माती खणून, खडे वेचून, चाळून तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालतात. ती रोज फावड्याने परतावी लागते, नाहीतर पाठीवर पडणाऱ्या पोराचा मणका दुखावतो आणि जखम चिघळते. नवीन पोराला पहिले काही आठवडे वस्ताद कुस्ती खेळूच देत नाही, फावडं हातात देतो. फावडं धरलेल्या पोराची कंबर कशी वाकते, वजन टाचेवर पडतं की चवड्यावर, खांदा कुठला पुढे येतो, हे तो बाजूला बसून बघत असतो. त्यावरून कुणाला पट काढायला शिकवायचं, कुणाला ढाक, कुणाला कलाजंग, हे ठरतं. मग खडाखडी सुरू झाली की हातातली छडी हलकेच पोराच्या मागच्या पायाला लागते. पाय दोन बोटं आत घे, एवढंच सांगणं. त्या दोन बोटांनी पुढच्याचा एकेरी पट चुकतो. पोराचा कान मोडला, सुजून आला, की त्यातलं रक्त वेळेवर काढायला दवाखान्यात नेणंही वस्तादाकडेच. घरून डबा आला नाही तर तो का आला नाही, हे विचारायला गावाकडे फोनही त्यालाच करावा लागतो.

काका पवारांनी हे काम पुण्यात कात्रज-आंबेगाव भागात आंतरराष्ट्रीय कुस्ती संकुल उभारून मोठ्या प्रमाणावर केलं. भाऊ गोविंद पवार सोबत. मातीचा आखाडा आणि मॅट दोन्ही. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती झाली ती नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके यांच्यात. दोघेही काकांचेच पठ्ठे. वस्तादाने कुणाच्या बाजूला बसावं? हर्षवर्धन ३-२ असा निसटता जिंकला आणि त्याने हरलेल्या शैलेशला खांद्यावर घेऊन मैदानात फेरी मारली. एका ताटात जेवलेल्या पोरांनाच हे जमतं. वस्तादकीचं फळ मोजायला गुणफलक पुरत नाही, ते त्या दिवशी बालेवाडीत बसलेल्या प्रत्येकाने पाहिलं.

आणि २०२३च्या जानेवारीत कोथरूडला शिवराज राक्षेने महेंद्र गायकवाडला हरवून गदा घेतली तेव्हा जाहीर झालं ते नाव नांदेडचं होतं. नांदेड जिल्ह्यात आनंद झाला, मलाही झाला. पण शिवराज राजगुरूनगरकडचा, घडला काकांच्या पुण्याच्या संकुलात. तो नांदेडकडून खेळला, हे नियमात बसतं आणि त्यात त्याचा काही दोष नाही. प्रश्न आपला आहे. जिल्ह्याचं नाव गदेवर आलं आणि जिल्ह्यातल्या आखाड्यातून त्या गदेपर्यंत जाणारी वाट मात्र तयार झाली नाही. याच शिवराजवर फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला पंचाला लाथ मारल्याबद्दल तीन वर्षांची बंदी आली. पृथ्वीराज मोहोळविरुद्धच्या त्या लढतीत आपली पाठ टेकलीच नव्हती, असं त्याचं म्हणणं. निकालाबद्दल मतं असू शकतात. पंचाच्या अंगावर पाय जाणं चूकच. तरी दोन-दोन संघटना दोन-दोन महाराष्ट्र केसरी भरवतात, एकाच वर्षी दोन गदा दिल्या जातात, तेव्हा पोरांच्या मनात निकालाबद्दलचा आदर कसा टिकावा? त्याचं ओझं शेवटी वस्तादावर येतं. मैदानातला राग गिळायला शिकवणारा तोच एक असतो.

आता धर्माबादकडून या सगळ्याकडे पाहू. नांदेडहून मुदखेड, उमरी करत गाडी धर्माबादला येते आणि पुढचं स्टेशन बासर, म्हणजे तेलंगण. लाल मिरचीच्या बाजारासाठी गावाचं नाव लांबवर आहे. बोलण्यात तेलुगू सहज मिसळते, सोयरिकी सीमेपलीकडे होतात. सोयी मिळत नाहीत म्हणून २०१८च्या सुमारास तालुक्यातल्या गावांनी आम्हाला तेलंगणात जाऊ द्या, अशी मागणीही केली होती. इथल्या पोराला कुस्तीचं वेड नाही असं कुणी म्हणू नये. नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कुस्त्यांचा फड भरतो, सीमेवरच्या गावांच्या जत्रांत तेलंगण आणि कर्नाटकातले पैलवान उतरतात. रेवड्या-नारळावरच्या लहान पोरांच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते आणि दिवस कलताना मानाची कुस्ती लागते. रेवड्यांवर जिंकलेला दहा-बारा वर्षांचा पोरगा तेव्हा डोळ्यांत भरतो. गोल खांदा, मान घट्ट, पाय चपळ. पुढे त्याचं काय होतं? बाप म्हणतो, पाठवायचा तर पुण्याला नाहीतर कोल्हापूरला. तिथलं राहणं, खुराक, फी मिळून महिन्याचा खर्च कोरडवाहू शेतीतून निघत नाही. दोन-तीन वर्षं जत्रा मारून पोरगा सोळाव्या वर्षी पोलीस भरतीच्या अकॅडमीत जातो किंवा मिरचीच्या आडतीवर हमालीला लागतो. दोन्ही कष्टाची कामं, त्यांत कमीपणा नाही. पण जिथे राहुल आवारे निघू शकला असता तिथे तो निघत नाही.

याचं मूळ जुनं आहे. कोल्हापूरला शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागचं मैदान उभं राहिलं, पेठापेठांत तालमी झाल्या. मराठवाडा १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात. तिथे पैलवानकी होती, उस्ताद आणि खलिफा होते, पण त्यांचं केंद्र हैदराबाद शहर. मराठवाड्यातल्या तालमी उभ्या राहिल्या त्या गावकीच्या आणि देवस्थानांच्या जोरावर. गावाचा जोर ओसरला की त्यांचाही ओसरला. म्हणून बिराजदारांना शिकायला कोल्हापूरला जावं लागलं, आणि शिकवायला पुण्याला. काकांना शिकायला आणि शिकवायला दोन्हींसाठी पुण्याला. आवारेंनाही पुणेच. लातूर-बीडच्या मातीने मल्ल दिले, मल्लांचे वस्ताद झाले, आणि वस्ताद झाल्यावर ते परत येऊ शकले नाहीत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पठ्ठे पुण्यात, आश्रयदाते पुण्यात, सरावाला जोडीदार पुण्यात. एकट्या वस्तादाने गावी येऊन करायचं काय? तोडीचा जोडीदार नसेल तर पैलवान महिन्याभरात गंजतो.

मग उपाय म्हणून जे मांडलं जातं त्यात दोन मतं प्रमुख. एक मत म्हणतं, शिकलेला प्रशिक्षक आणा. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका घेतलेला, मॅटवरचे नियम, गुण, वजन उतरवण्याचं शास्त्र, दुखापतींवरचे उपचार जाणणारा. सरकारी प्रशिक्षकाच्या नेमणुकीत हीच पदविका बघितली जाते. दुसरं मत म्हणतं, ज्याने स्वतः गदा उचलली त्यालाच पोरं मानतात, कागदाला कोण विचारतो? पहिल्या मताशी मी बराच सहमत आहे. मातीवरची कुस्ती चीतपटीवर संपते आणि वेळेला बंधन नसतं. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, नऊ मीटरचं वर्तुळ, बाहेर पाय गेला तरी गुण जातो. चौदा-पंधरा वर्षांपर्यंत मॅट न पाहिलेला पोरगा पुढे कितीही ताकदवान झाला तरी त्या खेळात उशिरा पोचतो. दुसऱ्या मतातलं अर्धंच खरं आहे. गुरू हनुमानांनी देशाला सतपाल दिला, कर्तार सिंगसारखा मल्ल दिला. ते स्वतः मोठ्या किताबाचे मल्ल नव्हते. उलट बाजूला हाकुहो पाहा. सूमोच्या इतिहासात सर्वांत जास्त, ४५ स्पर्धा जिंकलेला योकोझुना. २०२१ मध्ये निवृत्त होऊन घराण्याचा प्रमुख झाला, आणि २०२४ मध्ये त्याच्या एका शिष्याने धाकट्यांना केलेल्या मारहाणीवरून त्याचं घराणंच बंद करून मल्ल दुसरीकडे हलवले गेले. २०२५ मध्ये त्याने संघटनाच सोडली. मैदानात अजिंक्य असलेल्या माणसाला घर सांभाळता येईलच असं नसतं.

मारहाणीचा विषय निघाला तर तोही झाकू नये. २००७ साली जपानच्या एका घराण्यात सतरा वर्षांच्या नवख्या पोराचा मारहाणीत मृत्यू झाला, घराण्याच्या प्रमुखाला शिक्षा झाली, तेव्हा तिथला समाज हादरला. आपल्याकडे वस्तादाच्या छडीबद्दल अभिमानाने बोललं जातं. पायाला लागणारी छडी आणि पाठीवर बसणारी छडी यांतला फरक वस्तादाला कळतो, पण त्याच्या गैरहजेरीत थोरली पोरं धाकट्यांचं काय करतात हे त्यालाही कळत नाही. तालीम घर असेल तर घराला खिडक्या हव्यात. आई-बापांना केव्हाही येऊन बसता आलं पाहिजे, पोराला घरी फोन करता आला पाहिजे, वर्षातून दोनदा डॉक्टरने सगळी पोरं तपासली पाहिजेत. मुलींच्या बाबतीत तर याला पर्यायच नाही. २०२३ साली दिल्लीत जंतरमंतरवर देशाच्या पदकविजेत्या कुस्तीगीर मुली लैंगिक छळाविरुद्ध बसल्या होत्या, हे विसरून कुठलीही तालीम मुलींसाठी उघडू नये. व्यावसायिक सूमोत बाईला रिंगणात पाऊलही टाकू देत नाहीत. आपल्याकडे मुंबईच्या हेतल दवेने हौशी सूमोत देशाचं प्रतिनिधित्व केलं आणि ती मुलामुलींना शिकवतेही. सीमाभागातल्या जत्रांत मुलींच्या कुस्त्या लागायला लागल्या आहेत, गर्दी होते, टाळ्याही पडतात. त्यांना शिकवणारी बाई वस्ताद मात्र शोधून सापडत नाही.

माझं म्हणणं असं की वस्तादाची नेमणूक करावी, सत्कार करून थांबू नये. निवृत्त मल्लांना मानधन आहे. कोथरूडच्या त्याच मैदानावर २०२३ मध्ये ते वाढवण्याची घोषणाही झाली. ते बरंच झालं, म्हातारपणी औषधपाण्याला उपयोगी पडेल. पण मानधन मल्लाला घरी बसवून मिळतं. त्याने पोरं घडवावीत यासाठी मिळत नाही. केंद्राच्या खेलो इंडिया योजनेत माजी विजेत्या खेळाडूला जिल्ह्याच्या केंद्रावर प्रशिक्षक नेमून मोबदला देण्याची तरतूद आहे, आणि दिशा तीच योग्य आहे. ती तालुक्यापर्यंत यायला हवी. धर्माबादसारख्या ठिकाणी बारा बाय बारा मीटरची एक मॅट, वर पत्र्याची शेड, शेजारी मातीचा आखाडा, पंचवीस पोरांना राहायची खोली आणि दूध-अंड्यांची सोय एवढ्याने सुरुवात होते. बाजार समितीसारख्या संस्थेने मनावर घेतलं तर जागेचा प्रश्न तालुक्यातच सुटेल. जोडीदारांची अडचण सीमेमुळेच कमी होईल. निजामाबाद, बोधनची पोरं गाडीने तासाभरात इथे येऊ शकतात, बिलोली, देगलूर, उमरी जवळ आहेत. दोन राज्यांची पोरं एका मॅटवर आली तर सराव आपोआप तगडा होईल.

नेमणूक मात्र निदान पाच वर्षांची हवी. अकरा महिन्यांच्या करारावर वस्ताद होत नाही. दहा वर्षांचा पोरगा हाती घेतला तर पंधराव्या वर्षी त्याचं खरं वजन आणि खरी शैली कळते, तोवर शिकवणारा बदलता कामा नये. त्या पाच वर्षांत पहिल्या दोन वर्षी त्याला पतियाळाच्या अभ्यासक्रमाला सरकारी खर्चाने पाठवावं, म्हणजे अनुभव आणि पदविका हे भांडण मिटेल. आणि पहिली निवड करताना गदा किती याकडे पाहू नये. जत्रांतून पंधरा-वीस वर्षं खेळलेला, मोठ्या किताबाच्या आधीच गुडघा गेलेला, तरी गावात राहून चार पोरांना फुकट जोर घालायला शिकवणारा माणूस या पट्ट्यातल्या बहुतेक तालुक्यांत एखादा तरी असतो. क्रीडा कार्यालयाने आधी त्याचं दार वाजवावं.